नेमसिंग नायकाचा होकार

ऐकू कमी येऊ लागलं की माणूस सगळ्यात आधी मान हलवायला शिकतो. नेमसिंग नायक ही विद्या शिकला आणि तिच्यात इतका तरबेज झाला की तीन वर्षं तांड्यात कुणाला पत्ता लागला नाही. समोरचा बोलता बोलता थांबला की मान हलवायची. तो हसला की आपणही हसायचं, मात्र जरा उशिरा, म्हणजे विचार करून हसल्यासारखं दिसतं. त्याचा आवाज चढला तर कपाळाला आठी घालून "पाहू" म्हणायचं. मुकुटबनच्या पुढे, जंगलाच्या कडेला सत्तर घरांचा त्याचा बंजारा तांडा. नायकी, म्हणजे तांड्याचं पुढारपण, बापामागून त्याच्याकडे आलेली. नायकाने कमी बोलावं अशी लोकांची अपेक्षाच असते, त्यामुळे त्याचं गप्प राहणं शहाणपणात मोडत गेलं.

घरात मात्र ते लपलं नाही. मागच्या दिवाळीनंतर भारतने, म्हणजे त्याच्या मुलाने, त्याला पांढरकवड्याला एका शिबिरात नेलं आणि दोन्ही कानांत मशीन बसवून आणलं. पहिल्या दिवशी नेमसिंगला छपरावरच्या चिमण्या ऐकू आल्या, चुलीतलं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं, आणि बायको मानीबाई भाकरी थापताना स्वतःशी काय काय बोलते तेही ऐकू आलं. "हे नसतं आयकू आलं तरी चाललं असतं," तो भारतला म्हणाला. त्या दिवशी घर बरंच हसलं.

भारतला वाटलं, काम झालं. चष्मा लावला की अक्षर दिसतं, तसं मशीन लावलं की बोलणं कळतं, असा सगळ्यांचाच समज असतो. पण डोळ्याची रीत वेगळी आणि कानाची वेगळी. धडधाकट कान सुपासारखा असतो. चार माणसं एकदम बोलत असली, बाजूला थ्रेशर चालू असला, तरी हवं ते बोलणं तो पाखडून ठेवतो आणि बाकीचा भुसा उडवून देतो. हे काम तो आपल्याला न सांगता करतो, म्हणून ते काम आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. मशीनला पाखडणं फारसं जमत नाही. ते दाणा मोठा करतं आणि भुसाही तेवढाच मोठा करतं. घरात एकाशी एक बोलताना नेमसिंगचं छान चाले. चार माणसं जमली की त्याच्या कानांत पातेली, पोरं, गाड्या आणि शब्द असं सगळं सारख्याच मापाचं होऊन कोसळे. अशा वेळी मशीनचा आवाज कमी करायचा आणि जुनी विद्या वापरायची, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं. भारतला त्याने हे सांगितलं नाही. पोराने हौसेने मशीन आणलं होतं.

हे ओळखू शकेल असं घरात एकच माणूस होतं: त्याची धाकटी नात राखी.

राखी अकरा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. साडेतीन वर्षांची असताना नागपूरला तिचं ऑपरेशन झालं. उजव्या कानाच्या आत, अगदी खोल, एक बारीक तार बसवली आणि कानामागे यंत्र आलं. यंत्राची चकती केसांत चुंबकाने चिकटून बसते. डॉक्टर त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. तांड्यात त्याला राखीचं बटन म्हणतात. पण ऑपरेशन झालं की लगेच बोलणं कळतं असं नाही. त्या तारेतून येणारा आवाज कसला आहे, हे पोराला एकेक करून शिकावं लागतं, आणि कुणीतरी ते रोज शिकवावं लागतं.

ते काम नेमसिंगने केलं. दोन वर्षं दर गुरुवारी तो तिला एसटीने यवतमाळला, ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेत असे. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, सुरुवातीला मुलीशी एकच भाषा बोला. घरात तांड्याची गोरबोली, पुढे शाळेत मराठी. नेमसिंगने शाळेचा विचार करून मराठी निवडली, आणि सदुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या नातीशी बाजारच्या भाषेत बोलायला लागला. रोज सकाळी तो मानीबाईची ओढणी तोंडासमोर धरून एकेक आवाज काढी: आ, ई, ऊ, म, श, स. ओठ दिसू द्यायचे नाहीत, नुसता आवाज. ऐकू आला की राखीने एक शेंगदाणा पातेल्यात टाकायचा. कित्येक दिवस पातेलं रिकामं राहिलं. तो कधी चिडला नाही. ज्या सकाळी 'स'ला शेंगदाणा पडला, त्या सकाळी त्याने बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, छान, आता पाच हात लांबून म्हणा.

जानेवारीच्या शेवटी केळापूरकडच्या एका तांड्यात लग्न होतं. देवसिंग म्हणून तिथला एक वजनदार माणूस, खत-बियाण्यांचं दुकान असलेला. त्याच्या पुतण्याचं लग्न. नेमसिंग, भारत आणि राखी गेले. मांडवाच्या दोन्ही बाजूंना डीजेचे डबे माणसाच्या उंचीएवढे रचलेले. पहिलं गाणं सुरू झालं तशी राखीने केसांतली चकती काढली, यंत्र खिशात टाकलं आणि लांब उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन बसली. शांतता तिला चप्पल काढण्याइतकी सोपी होती. नेमसिंगला ती सोय नव्हती. त्याचं मशीन फेट्याखाली झाकलेलं होतं. चार लोकांत नायक कानातलं काढतो, म्हणजे कानात काहीतरी होतं हे सगळ्यांना कळतं.

भारत पंगतीकडे गेला असताना देवसिंग चार म्हाताऱ्यांना घेऊन नेमसिंगशेजारी येऊन बसला आणि त्याच्याकडे वाकून बराच वेळ बोलला. नेमसिंगच्या हाती 'कपिल' लागलं, 'पोरगी' लागलं. कपिल म्हणजे देवसिंगचा मुलगा, एवढं त्याला माहीत होतं. बाकी सगळं डबे खाऊन गेले. देवसिंग थांबला आणि तोंडाकडे पाहू लागला. नेमसिंगने मान हलवली. देवसिंगने पुन्हा काहीतरी विचारलं, या वेळी जरा जपून. नेमसिंगने पुन्हा हलवली. मग एक पितळी ताट पुढे आलं, त्यात गुळाचे खडे. देवसिंगने एक खडा त्याच्या तोंडात भरवला. त्याने एक देवसिंगला भरवला. म्हातारे उठून गळ्यात पडले.

त्यांच्यात सोयरीक कागदावर ठरत नाही. दोन घरच्या जाणत्यांनी चार माणसांसमोर एकमेकांना गूळ भरवला की ती ठरली. मोडली तर नाक गेलं. नेमसिंगने नायक म्हणून अशा वीसेक सोयरिकींचा गूळ खाल्ला होता. त्याला हे कळायला हवं होतं. पण ज्या मांडवात बसलो आहे, त्याच मांडवातल्या नवऱ्यामुलाच्या नावाचा हा गूळ असणार, असं त्याने धरलं आणि खडा चघळत बसला. त्याला फक्त एवढंच वाटलं की देवसिंग आता म्हातारपणी फार हळवा झाला आहे.

आठ दिवसांनी भारतच्या फोनवर देवसिंगचा फोन आला. तारीख धरायला कधी येऊ, असं तो विचारत होता. भारत घरात आला. नेमसिंग एकटाच खाटेवर बसला होता, घर शांत होतं, आणि भारतचा शब्द न् शब्द त्याला ऐकू आला.

"बापू, देवसिंगच्या कपिलले तुमी आपली प्रेरणा देल्ली?"

प्रेरणा म्हणजे भारतची थोरली, वीस वर्षांची. यवतमाळला होस्टेलवर राहून नर्सिंग करत होती, दुसऱ्या वर्षाला. नेमसिंगला ताट आठवलं, गूळ आठवला, देवसिंगचं ते जपून विचारणं आठवलं. त्याच्यापुढे दोन उत्तरं होती. एक खरं होतं: मला ऐकूच आलं नाही. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येणार होता. मग या तीन वर्षांत तांड्याच्या बैठकीत जे जे ऐकलं आणि ज्यावर मान हलवली, त्याचं काय? ऐकू न येणाऱ्या नायकाचे निवाडे कुणाच्या कामाचे? दुसरं उत्तर खोटं होतं, पण त्यात त्याची मान ताठ राहत होती. भारतसारखा मुलगा बापाने दिलेला शब्द मोडणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"देल्ली," तो म्हणाला. "पोरगा चांगला आहे."

भारत फोन लावायला बाहेर गेला. मानीबाई दोन दिवस बोलली नाही, आणि तिचं न बोलणं ऐकायला मशीन लागत नव्हतं. येत्या रविवारी देवसिंगने यावं, असं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी प्रेरणा होस्टेलवरून आली. तिने आदळआपट केली नाही. हातपाय धुतले, जेवली, आणि मग खाटेजवळ खाली बसली. तांड्यात आजोबाला दादा म्हणतात.

"दादा, मले एकच सांगा," ती म्हणाली. "माझ्या कोर्सचं बोलणं झालं का? लग्नानंतर मले पुरा करू देतीन का ते?"

नेमसिंगला यातलं काय बोलणं झालं आणि काय नाही, याचा पत्ताच नव्हता. तिचा चेहरा त्याच्या अगदी समोर होता, दिव्याच्या उजेडात. सगळं नीट ऐकू येत होतं.

"झालं ना," तो म्हणाला. "करू देतीन. समदं बोललो."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. "तुमी बोलले असान तर ठीक आहे." आणि ती उठून आत गेली. त्या रात्री नेमसिंगने मशीन नेहमीपेक्षा लवकर काढून डबीत ठेवलं.

रविवारी सकाळी अंगणापलीकडच्या खळ्यात तुरीची मळणी चालू होती. थ्रेशरच्या आवाजाने पत्रे थरथरत होते. नेमसिंग पोत्यांजवळ उभा होता. राखी मागून आली आणि काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली. ती आणखी काहीतरी म्हणाली. त्याने पुन्हा मान हलवली आणि जरा उशिरा हसला. तिने त्याचा हात धरला, त्याला गोठ्यामागे नेलं, जिथे भिंतीमुळे आवाज अर्धा होतो, आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"मी काय म्हणली सांगा."

"चहा झाला म्हणली."

"मी म्हणली, आपल्या बैलानं दहावीचा फॉर्म भरला. मंग म्हणली, मास्तर त्याले पास करून राह्यले. तुमी दोनी वेळा हौ म्हणले."

नेमसिंग रागावला. मोठ्यांची परीक्षा घेतेस का, असं त्याने विचारलं. राखीला तो राग लागला नाही. ओढणी धरून सहा आवाजांची परीक्षा तुम्ही दोन वर्षं घेतली, मी कधी रागावले का, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "लग्नात बी असंच केलं ना तुमी. मी ट्रॉलीवरून पायलं. तुमी हसता तवा तुमचे डोये दुसऱ्याच्या तोंडाकडं असते, तो कवा थांबते म्हणून. मी तिसरीत असंच करत होती."

तिसरीत काय झालं होतं ते तिने आजोबाला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तिसरी-चौथी एका खोलीत बसे. चौथीचे पाढे चालू असताना सर तिसरीला धडा समजावत, आणि शेवटी विचारत, समजलं का? पाढ्यांखाली सगळा धडा बुडून गेलेला असे. राखी हो म्हणे. सगळेच हो म्हणत, म्हणून तीही म्हणे. वर्ष संपताना सरांना वाटलं, पोरगी मठ्ठ आहे. मग दुसऱ्या बाई आल्या. त्या 'समजलं का' असं कधीच विचारत नसत. त्या विचारत, काय समजलं ते सांग. त्यांनी राखीला तीन गोष्टी शिकवल्या. आवाज पाठीमागे ठेवायचा आणि बोलणाऱ्याचं तोंड उजेडात, आपल्यासमोर. दोघं एकदम बोलले की हात वर करायचा. आणि नुसतं 'काय? काय?' करायचं नाही. त्याने सांगणारा फक्त ओरडतो. आपल्याला जेवढं समजलं तेवढं आधी आपण बोलून दाखवायचं आणि उरलेलं मागायचं. म्हणजे भोक कुठे पडलं आहे ते सांगणाऱ्यालाही दिसतं आणि तो तेवढंच बुजवतो.

नेमसिंगने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. शिकवणं चांगलं आहे की वाईट, हे त्याला कळत होतं.

"पण असं केलं तर समद्यायले कळते ना," तो म्हणाला.

"काय कळते?"

"आपल्याले आयकू येत नाही, हे."

राखीने हात मागे नेऊन केसांतल्या चकतीला बोट लावलं. "माझं तर समद्यायले दिसतेच," ती म्हणाली.

थ्रेशर थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. नेमसिंगने तिला विचारलं, ताईला सांगणार का. ती म्हणाली, "मी कायले सांगू? तुमचं आहे, तुमी सांगा." आणि चहा खरोखरच झाला होता म्हणून ती आत गेली.

देवसिंग दुपारी दोन गाड्या भरून आला. नायकाच्या अंगणात तांडाही जमला. पाहुण्यांची विचारपूस, पोरांची पळापळ, उलटी येणारी गाडी, सगळं एकदम सुरू झालं. नेमसिंगने आधी भारतला पाठवून थ्रेशर बंद करायला लावला. मग स्वतःची खाट उचलून भिंतीला लागून टाकली आणि पाहुण्यांची सतरंजी अशी टाकायला लावली की ऊन त्यांच्या तोंडावर यावं. पाहुण्यांना उन्हात बसवणं ही काही रीत नव्हे. मानीबाईने दारातून त्याच्याकडे पाहिलं. त्याने राखीला आपल्या डाव्या हाताला बसवलं आणि सांगितलं की एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं बोलले की ही पोरगी हात वर करील, तेव्हा दोघांनीही थांबायचं. आणि तिला कळावं म्हणून मराठीत बोलायचं.

"नायक, आज शाळा भरवता का?" तांड्यातला उकंडा मागून म्हणाला. लोक हसले.

"हौ," नेमसिंग म्हणाला. "हजेरी बी घेतो. मागं बसणाऱ्याची आधी."

मग तो देवसिंगकडे वळला. त्याने घसा साफ केला नाही, प्रस्तावना केली नाही.

"देवसिंगभाऊ, तुमच्या मांडवात मले तीन गोष्टी समजल्या. कपिल, पोरगी आणि गूळ. मधलं काहीच नाही. ते आज सांगा."

देवसिंगला आधी ही थट्टा वाटली. "गूळ तर खाल्ला न तुमी," तो म्हणाला.

"खाल्ला."

"मान हलवली."

"हलवली. तीन वर्षं झाले, हलवूनच राह्यलो. मले गर्दीत आयकू येत नाही. हे कानातलं लावलं तरी येत नाही."

मग जे व्हायचं ते झालं. पाहुणे उठून बोलू लागले, तांडा त्यांना बसवू लागला, आणि बसवणाऱ्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. राखीने हात वर केला. कुणी थांबलं नाही. तिने हात खाली घेतला नाही. तो दुखायला लागला तसा तिने दुसरा वर केला. कोण काय म्हणतं, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. दोन आवाज एकात एक मिसळले की तिच्या यंत्रात सगळ्याचा चिखल होई, आणि तो झाला की हात वर, एवढंच तिला सांगितलेलं होतं. अकरा वर्षांची पोर न बोलता हात वर करून बसली आहे आणि आपण तिच्यावरून ओरडतो आहोत, हे हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं. अंगण गप्प झालं. तिने हात खाली घेतला.

देवसिंगने मांडवातलं बोलणं पुन्हा सांगितलं. नेमसिंग प्रत्येक दोन वाक्यांनी त्याला थांबवून समजलेलं बोलून दाखवत होता. वेळ लागला, पण बोलणं सरळ पुढे गेलं, आणि शेवटी आलं ते हे: देवसिंगची बायको दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे. घरात बाईमाणूस हवं आहे. म्हणून लग्न झालं की मुलीचं शिक्षण बंद आणि नोकरी नाही, अशी अट देवसिंगने मांडवातच घातली होती.

"म्या दोनदा इचारलं तुमाले," देवसिंग म्हणाला. "मले वाटलं, तुमी इथंच अडून बसान. तुमी हौ म्हणले, तवा मलेच नवल वाटलं. लपवून काही ठेवलं नाही म्या."

त्याने खरोखरच काही लपवलं नव्हतं. नेमसिंगने दाराकडे पाहिलं. प्रेरणा तिथे उभी होती आणि देवसिंगकडे नाही, आजोबाकडे पाहत होती.

"बेटा, काल तुले म्या खोटं सांगतलं," नेमसिंग तिथूनच तिला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कोर्सचं काय बोलणं झालं, मले ठाऊकच नव्हतं. आता जे इचारायचं ते हे तुलेच इचारतीन."

देवसिंगला हे आवडलं नाही, पण त्याने विचारलं. प्रेरणा उंबऱ्यावरून खाली उतरली नाही. ती म्हणाली की कोर्स पुरा झाल्याशिवाय ती लग्न करणार नाही, आणि पुरा झाल्यावर नोकरी करणार. त्यांच्या घरच्या आजारी बाईंबद्दल तिने दोन गोष्टी विचारल्या: कुशीवर वळवतात का, आणि पाठीला जखमा झाल्या आहेत का. देवसिंगने उत्तरं दिली. तिने पाण्याची गादी घ्यायला सांगितली. मग म्हणाली, "पण त्यासाठी मी नर्सिंग सोडत नाही."

"मंग आपलं जमत नाही," देवसिंग म्हणाला आणि उठला. जाता जाता तो नेमसिंगसमोर थांबला. "नायक, तुमचा शब्द आता कोण घेईन?"

"जो असा समोर बसून एकटा बोलन, तो घेईन," नेमसिंग म्हणाला.

पाहुणे न जेवता गेले. चाळीस माणसांचा स्वयंपाक झालेला होता, तो तांड्याने खाल्ला. सोयरे नायकाच्या दारातून उपाशी गेले, हे पुढची कित्येक वर्षं बोललं जाईल, आणि ते ऐकू न आल्यासारखं करण्याची मुभा नेमसिंगला आता नव्हती. जेवणं आटोपत असतानाच उकंडा येऊन समोर बसला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. गेल्या पावसाळ्यात त्याचा आणि त्याच्या भावाचा, खेमसिंगचा, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद झाला होता आणि नेमसिंगने निवाडा दिला होता.

"तवा तुमाले आयकू आलतं का?" उकंडाने विचारलं.

नेमसिंगने आठवून पाहिलं. त्या दिवशी पत्र्यावर पाऊस पडत होता.

"अर्धं," तो म्हणाला. "परवा दोघंही या. अलग अलग."

चार वाजता तो प्रेरणाला सोडायला ऑटोने मुकुटबनच्या स्टँडवर गेला. गाडी लागलेलीच होती, इंजिन चालू, कंडक्टर पांढरकवडा, यवतमाळ असं ओरडत होता, शेजारी एक जण टपावर पोती चढवत होता. प्रेरणा चढली, खिडकीजवळची जागा धरली आणि खिडकीतून खाली पाहत काहीतरी म्हणाली.

नेमसिंगने तिच्याकडे हात केला. "राग म्हणली, एवढं समजलं," तो म्हणाला. "बाकीचं सांग."

ती खिडकीतून जरा वाकली. "मले राग आला तुमचा. तुमाले आयकू आलं नाही म्हणून नाही. मांडवात समदं आयकू आलं असतं, तरी मले इचारलं असतं का तुमी?"

नेमसिंगने ते ओठांतल्या ओठांत जुळवलं. "समदं आयकू आलं असतं, तरी तुले इचारलं असतं का," तो म्हणाला. "असंच ना?"

"हौ."

कंडक्टरने घंटी मारली. नेमसिंग खिडकीची कड धरून उभा होता. उत्तर शोधायला त्याला फार वेळ लागला नाही.

"नसतं इचारलं," तो म्हणाला.

"माहीत आहे," प्रेरणा म्हणाली. गाडी मागे सरकली, वळली, आणि धूळ यायला लागली तशी तिने काच ओढून घेतली.